मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये कॉर्निया सुजू नये म्हणून: तपासणीपासून थेंबांपर्यंत

मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, भिंग जागेवर बसलं, टाकाही घालावा लागला नाही. तरी दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आजोबांना सगळं धुकट दिसतं आणि घरचे घाबरतात: ऑपरेशन बिघडलं का? बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. कॉर्निया सुजलेला असतो आणि काही दिवसांत उतरतो. काही डोळ्यांत मात्र ही सूज महिनोन्‌महिने रेंगाळते आणि मोजक्या डोळ्यांत कधीच उतरत नाही. हे मोजके डोळे आधी ओळखता येतात का, टेबलावर काय जपावं लागतं आणि घरी आल्यावर तुमच्या हातात काय असतं, ते इथे क्रमाने मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: कॉर्निया वाचवण्याचं निम्म्याहून जास्त काम रुग्ण टेबलावर झोपण्याआधीच झालेलं असतं, किंवा राहून गेलेलं असतं.

सूज येते कुठून

डोळ्याच्या काळ्या भागावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. मधोमध तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत झालेल्या 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी'मध्ये तिशीपुढच्या ग्रामस्थांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली होती. पाठ्यपुस्तकांतला आकडा याहून थोडा जास्त, ५४० च्या आसपास असतो. म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा रुग्णाचा स्वतःचा, ऑपरेशनआधीचा आकडा जास्त कामाचा. तो कागदावर असेल तरच नंतर किती सूज आली हे नेमकं कळतं.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. डोळ्याच्या आतलं पाणी त्यात सतत झिरपतं आणि पोषण देतं. काटोलकडच्या भारी काळ्या जमिनीतल्या संत्र्याच्या बागेसारखं आहे हे: पाणी तर हवंच, पण बुडाशी साचलं की झाड पिवळं पडतं. जास्तीचं पाणी उपसून बाहेर टाकण्याचं काम कॉर्नियाच्या आतल्या बाजूचा पेशींचा एकच थर करतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. या पेशी थकल्या किंवा कमी पडल्या की कॉर्नियात पाणी साठतं, तो जाड होतो आणि धुरकट दिसू लागतं.

खरी अडचण पुढे आहे. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. तरुणपणी दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० ते ३००० पेशी असतात आणि वयाबरोबर वर्षाला अर्ध्या टक्क्याहून थोड्या जास्त कमी होत जातात. एखादी पेशी मेली तर शेजारच्या पसरून ती जागा भरतात. संख्या ५०० च्या आसपास घसरली की पसरूनही भागत नाही. फेको ऑपरेशनमध्ये (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढायची पद्धत) अनुभवी हातांतही साधारण ५ ते १५ टक्के पेशी जातात. ज्याच्याकडे २५०० आहेत त्याला ते जाणवतही नाही. ज्याच्याकडे आधीच ९०० उरल्यात, त्याचा सगळा हिशेब मात्र या टक्क्यांवर ठरतो.

मोतीबिंदू 'पिकायची' वाट पाहू नका

मार्च उजाडला की ओपीडीत ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "उन्हाळा लागला न जी, आता पावसाळ्यातच पाहू." पावसाळ्यात पेरणी असते, मग पोळा, मग दिवाळी. चार महिन्यांची चार वर्षं होतात.

मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा, हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळातला. आज तो उलटा पडतो. मोतीबिंदू जितका कडक, तितकी तो फोडायला अल्ट्रासाउंडची ताकद जास्त लागते, वेळ जास्त लागतो आणि टणक तुकडे कॉर्नियाच्या आतल्या बाजूवर आपटण्याची शक्यताही वाढते. तपकिरी होऊन दगडासारखा झालेला मोतीबिंदू हा एंडोथेलियमचा मोठा शत्रू. पांढरा होऊन फुगलेला असेल तर आणखी एक धोका असतो: डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातली जागा कमी होते आणि दाबही वाढू शकतो.

नागपूरच्या ४५ अंशांचं म्हणाल, तर ऑपरेशन वातानुकूलित थिएटरमध्ये होतं, जखम दोन-तीन मिलिमीटरची असते. उन्हाळा म्हणून ते पुढे ढकलायला वैद्यकीय कारण नाही. त्रास होतो तो नंतरच्या धुळीचा आणि घामाचा, आणि त्याची काळजी घेता येते. रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा दिसणं, पेपर वाचताना अडखळणं, पायरी चुकणं हे सुरू झालं की तपासून घ्या. तारीख तुमच्या सोयीने ठरवा, फक्त वर्षानुवर्षं लांबवू नका.

डॉक्टरांना काय सांगायचं

डॉक्टर विचारतीलच, पण गर्दीच्या ओपीडीत एखादी गोष्ट सुटते. म्हणून या गोष्टी स्वतःहून सांगा: मधुमेह किती वर्षांपासून आहे, डोळ्याला कधी मार लागला होता का, काचबिंदूचा झटका किंवा त्याचं ऑपरेशन झालंय का, डोळा वारंवार लाल होऊन आत दुखायचा का, बरीच वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्या का, घरात कोणाचा कॉर्निया बदललाय का. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं असेल आणि तिथे दृष्टी यायला खूप दिवस लागले असतील, तर ते तर सांगाच.

आणखी एक प्रश्न स्वतःलाच विचारा. सकाळी उठल्यावर धूसर आणि दुपारपर्यंत साफ, असं होतं का? मोतीबिंदू घड्याळ पाहून कमीजास्त होत नाही. सकाळी जास्त धूसर दिसणं ही कॉर्नियाची तक्रार असते. रात्रभर पापण्या मिटलेल्या असतात, बाष्पीभवन होत नाही, पाणी साठून राहतं. दिवसभर डोळे उघडे राहिले की ते उडून जातं. फुक्स डिस्ट्रॉफी नावाच्या आजारात हे ठळकपणे दिसतं. ऑस्ट्रियाचे नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी तो १९१० मध्ये नोंदवला. त्यात एंडोथेलियमवर बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे येतात आणि पेशी लवकर झिजतात.

तपासणी आणि तिचा रिपोर्ट

स्लिट लँपवर बसवून डॉक्टर कॉर्नियाची मागची बाजू बघतात. हे उंचवटे तिथेच दिसतात. ही तपासणी प्रत्येकाची व्हायलाच हवी आणि ती होतेही. पेशी मोजायची तपासणी वेगळी असते, स्पेक्युलर मायक्रोस्कोपी. डोळ्याला हात न लावता फोटो निघतो आणि काही मिनिटांत काम होतं. सरसकट सगळ्यांची ती करावी की नाही यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. माझ्या मते वरच्यापैकी एका जरी प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, मोतीबिंदू खूप कडक असेल किंवा रुग्णाचा एकच डोळा शाबूत असेल, तर ती टाळू नये.

रिपोर्टवर चार गोष्टी बघा. 'सीडी' म्हणजे दर चौरस मिलिमीटरला पेशी किती. 'सीव्ही' म्हणजे पेशींच्या आकारातला फरक. तो ४० टक्क्यांच्या पुढे गेला की पेशी ताणाखाली आहेत असं समजतात. 'हेक्स' म्हणजे षटकोनी पेशी किती टक्के. निरोगी थरात बहुतेक पेशी षटकोनी असतात, आणि हा आकडा ५० च्या खाली गेला तर ते चांगलं लक्षण नाही. चौथी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही: मशीनने किती पेशी मोजून हे उत्तर काढलंय. शंभरच्या आसपास मोजल्या असतील तर भरवसा ठेवा. वीस-पंचवीस पेशींवरून आलेला २३०० चा आकडा बघून खूश होऊ नका, फोटो पुन्हा काढायला सांगा.

२००० च्या वर असेल तर निवांत राहा. १५०० ते २००० मध्ये सर्जनला नेहमीपेक्षा जपून चालावं लागतं. १००० च्या खाली डॉक्टर तुम्हाला बसवून घेऊन स्पष्ट सांगतील की ऑपरेशननंतर कॉर्निया बदलावा लागू शकतो. तो सावध इशारा असतो, भीती घालणं नव्हे. असा इशारा देणाऱ्या डॉक्टरकडून पळून दुसरीकडे जाणारे नातेवाईक मी बरेच पाहिलेत, आणि ते मला कधीच पटलेलं नाही.

याबरोबर जाडीही मोजून घ्या. रिपोर्टवर ती 'सीसीटी' म्हणून असते. फुक्स असलेल्या डोळ्यात जाडी ६४० मायक्रॉनच्या पुढे असेल तर नुसतं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुरेल का, हा विचार आधीच करावा लागतो.

फेको की लहान छेदाचं

लोकांना वाटतं, फेको म्हणजे महाग आणि म्हणून नेहमीच चांगलं. फेकोत सुईच्या टोकातून सेकंदाला साधारण चाळीस हजार कंपनं देऊन मोतीबिंदू फोडतात आणि शोषून घेतात. अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी ही पद्धत १९६७ मध्ये आणली. मऊ आणि मध्यम मोतीबिंदूसाठी ती उत्तमच आहे. पण दगडासारखा तपकिरी मोतीबिंदू आणि कमी पेशी, असा मेळ असेल तर हाताने अखंड गाभा बाहेर काढायचं लहान छेदाचं ऑपरेशन, म्हणजे एसआयसीएस, कॉर्नियासाठी जास्त सुरक्षित ठरू शकतं. छेद थोडा मोठा असतो, पण आत अल्ट्रासाउंड चालत नाही. एखाद्या सर्जनने स्वतःहून एसआयसीएस सुचवलं तर तो स्वस्तात उरकतोय असं समजू नका, कारण विचारा. नागपूरच्या मेडिकल, मेयोसारख्या सरकारी रुग्णालयांत या पद्धतीवर अनेक डॉक्टरांचा हात बसलेला असतो.

ऑपरेशन ठरवताना एवढं विचारलं तरी पुरे:

– मोतीबिंदू किती कडक आहे आणि म्हणून कोणती पद्धत?
– एंडोथेलियम पाहिलं का, आणि पेशी कमी असतील तर वेगळं काय करणार?
– डोळ्याचा दाब ऑपरेशननंतर कधी तपासणार?

थिएटरमध्ये कॉर्निया कसा जपतात

हा भाग वाचून तुम्हाला काही करायचं नाही, तेव्हा घाई असेल तर पुढच्या मथळ्यावर जा. पण डोळ्यांच्या थिएटरमध्ये काम करणाऱ्या सिस्टर आणि शिकाऊ डॉक्टरांना यातलं बरंच उपयोगी पडेल.

पहिलं रक्षण जेलचं. छेद घेतल्यावर पुढच्या कप्प्यात व्हिस्कोइलास्टिक जेल भरतात. जेल दोन जातींचं असतं. एक घट्ट, जागा करून देणारं, जसं जास्त रेणुभाराचं सोडियम हायलुरोनेट. दुसरं पसरट, कॉर्नियाच्या आतून लेप देऊन बसणारं, जसं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट आणि हायलुरोनेटचं मिश्रण किंवा आपल्याकडे सर्वत्र वापरलं जाणारं २ टक्के हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइलसेल्युलोज. कॅनडाचे स्टीव्ह आर्शिनॉफ यांनी १९९९ मध्ये दोन्ही एकत्र वापरायची 'सॉफ्ट शेल' पद्धत मांडली: आधी पसरट जेल, मग त्याच्याखाली घट्ट जेल, म्हणजे पसरट थर वर ढकलला जाऊन एंडोथेलियमला चिकटतो. कमी पेशींच्या डोळ्यात मध्येच थांबून पुन्हा जेल भरावं लागतं. एक सिरिंज वाचवायच्या नादात ते टाळणं महागात पडतं. जेल भरलेल्या डोळ्यात थेट अल्ट्रासाउंड सुरू करणंही घातक असतं, कारण सुईचं टोक जेलने तुंबलं की पाणी फिरत नाही आणि छेदाच्या जागी भाजतं. म्हणून आधी थोडं जेल शोषून पाण्याला वाट करून देतात.

दुसरं पाण्याचं. ऑपरेशनभर डोळ्यातून वाहणारं द्रव डोळ्याच्या आतल्या पाण्यासारखं, योग्य क्षारांचं हवं. बीएसएस, म्हणजे क्षारांचं संतुलित द्रावण, त्यासाठीच असतं. रिंगर लॅक्टेट अनेक ठिकाणी वापरतात आणि साध्या, छोट्या ऑपरेशनमध्ये त्यावर निभतं. पण वेळ लांबणार असेल किंवा पेशी कमी असतील तर बीएसएस, आणि शक्य असेल तर ग्लुटाथायोन असलेलं. नुसतं नॉर्मल सलाइन डोळ्याच्या आत नको. त्यात कॅल्शियम नसतं आणि कॅल्शियमशिवाय या पेशींमधले सांधे सुटतात. काही सर्जन हे द्रव फ्रिजमध्ये गार करून वापरतात. अल्ट्रासाउंडची उष्णता त्याने कमी जाणवते. नागपूरच्या मे महिन्यात बाटल्यांचे खोके थिएटरबाहेरच्या तापलेल्या पॅसेजमध्ये पडून असतील, तर ते आधी आत आणून ठेवा.

तिसरं औषधांचं. डोळ्याच्या आत जाणारी प्रत्येक गोष्ट प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलीच हवी: लिग्नोकेन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, बाहुली मोठी ठेवायला ५०० मिलिलिटरच्या बाटलीत घालतात ते अर्धा मिलिलिटर ॲड्रिनलिन. थेंबांच्या बाटलीतलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड डोळ्याच्या पृष्ठभागावर चालतं, आत गेलं तर पेशी मारतं. मोतीबिंदूचं आवरण रंगवायच्या ट्रिपान ब्लूच्या जागी चुकून मिथिलीन ब्लू गेलं तर कॉर्निया कायमचा जाऊ शकतो. म्हणून ट्रॉलीवर दोन निळ्या बाटल्या शेजारी ठेवू नयेत आणि सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय ती सर्जनच्या हातात जाऊ नये.

चौथं उपकरणांचं, आणि यात सिस्टरांचा हात सर्जनपेक्षा महत्त्वाचा. कॅन्युलात, म्हणजे बारीक पोकळ नळीत, वाळलेलं जेल, धुण्याच्या पावडरचा अंश किंवा ग्लुटरल्डिहाइड या जंतुनाशकाचं न धुतलेलं द्रव डोळ्यात गेलं की दुसऱ्याच दिवशी कडेपासून कडेपर्यंत सगळा कॉर्निया पांढरा दिसतो. याला टास म्हणतात. जंतूंविना झालेली ही विषारी सूज एका रुग्णात आली तर त्या दिवशीच्या यादीतले सगळे डोळे तपासावे लागतात. कॅन्युला ऑपरेशन संपताच, जेल वाळण्याआधी, भरपूर स्वच्छ पाण्याने आतून धुवायच्या. यादी कितीही मोठी असो, यात सूट नाही.

राहिलं सर्जनचं कसब. मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने कोरत बसण्याऐवजी चॉपरने तोडणं, काम कॉर्नियापासून दूर, बाहुलीच्या पातळीवर किंवा त्याहून खाली ठेवणं, छेद घेताना आतला पातळ पापुद्रा (डेसिमेट) सुटू न देणं, आणि शेवटी भिंगाच्या मागचंही जेल काढून घेणं. हा पापुद्रा थोडा सुटला तर आत हवेचा बुडबुडा सोडून तो पुन्हा चिकटवता येतो. अशा वेळी रुग्णाला काही तास उताणं, छताकडे तोंड करून झोपायला सांगतात. त्यामागचं कारण हेच.

पहिली रात्र

आत थोडं जेल राहिलं तर ऑपरेशननंतर चार ते आठ तासांत डोळ्याचा दाब वाढतो. वाढलेला दाब पाण्याला कॉर्नियात ढकलतो आणि दिव्याभोवती इंद्रधनुषी वलय दिसतं. साधी टोचणी, पाणी येणं चालेल. पण डोक्याच्या एका बाजूला ठणका, मळमळ, उलटी आली तर "सकाळी जाऊच की" म्हणू नका. रात्रीच फोन करा. एका गोळीने आणि थेंबाने दाब उतरतो. काचबिंदू असलेल्यांत याची शक्यता जास्त. खेड्यातून आला असाल तर पहिली रात्र शहरातच नातेवाइकाकडे काढा. रात्री अकराला उमरेडहून गाडी शोधत बसण्यापेक्षा ते सोपं.

घरी

स्टिरॉइडचे थेंब सूज उतरवतात. लिहून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ते हळूहळू कमी करायचे, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचे नाहीत आणि संपल्यावर दुकानातून आपल्या मनाने नवी बाटली आणायची नाही. जास्त दिवस घेतले तर दाब चढतो. प्रेडनिसोलोनची बाटली दर वेळी हलवा, औषध तळाशी बसतं. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बाटली उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

कॉर्निया सुजला असेल तर डॉक्टर ५ टक्के मिठाचे थेंब देतात. ते वरच्या थरातलं पाणी ओढून घेतात, थोडे झोंबतात, त्याला घाबरू नका. याच ताकदीपेक्षा थोडं जास्त मीठ असलेलं मलम रात्री लावायला देतात, कारण सूज रात्रीच वाढते. हे थेंब पेशी वाढवत नाहीत, फक्त पेशी सावरेपर्यंत वेळ मिळवून देतात. काचबिंदूसाठी डॉर्झोलॅमाइडचे थेंब आधीपासून चालू असतील तर ते आवर्जून सांगा. एंडोथेलियमचा उपसा ज्या एन्झाइमवर चालतो, त्यालाच हे औषध अडवतं. कमकुवत कॉर्नियात डॉक्टर सहसा दुसरं काहीतरी देतात.

कूलरचं सांगायलाच हवं. एप्रिल-मे मध्ये कूलरशिवाय झोपा असं नागपूरकरांना कोण सांगणार! लावा, पण हवेचा झोत डोळ्यावर नको, आणि टाकीतलं पाणी बदलत राहा. सकाळचा धुरकटपणा असेल तर खोली फार दमट ठेवू नका. स्कूटीवर दुपट्टा बांधून फिरता, त्याची कड डोळ्याला घासते. त्याऐवजी काही आठवडे मोठा गॉगल बरा. शेतात कापूस, तूर, भूस अशा कामाला किमान महिनाभर सुट्टी. मध, गुलाबजल, एरंडेल यातलं काहीही डोळ्यात नको, मग ते कोणीही सांगितलेलं असो.

टास पहिल्या एक-दोन दिवसांत दिसतो आणि सहसा फारसा दुखत नाही. जंतुसंसर्ग बहुधा दोन ते सात दिवसांत येतो: दुखणं वाढत जातं, लाली वाढते, पापणी सुजते, आलेली दृष्टी पुन्हा जाते. या दोन्हींत तासांचा हिशेब असतो.

सूज उतरलीच नाही तर

साधी सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. जाडी दर भेटीत मोजून ती ऑपरेशनआधीच्या आकड्याकडे येते आहे का, ते बघतात. येत असेल, हळू का होईना, तर थांबायचं. साधारण तीन महिने वाट पाहूनही कॉर्निया जाडच असेल, पृष्ठभागावर पाण्याचे फोड येऊन फुटत असतील, तर प्रत्यारोपणाचा विचार करतात. आता पूर्ण कॉर्निया क्वचितच बदलावा लागतो. आतला पातळ थर तेवढा बसवतात, डीसेक किंवा डीमेक नावाने, आणि तो हवेच्या बुडबुड्यावर टेकवतात.

तो थर येतो नेत्रदानातून. नागपुरात महात्मे नेत्रपेढी, माधव नेत्रपेढी अशा पेढ्या घरी येऊन डोळे घेतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर, कळवायचं. तोवर पंखा बंद, एसी असेल तर चालू, पापण्या मिटलेल्या, वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचे डोळेही घेतात. ते वापरता येतील की नाही हे पेढी पेशी मोजून ठरवते.

दुसऱ्या डोळ्याआधी

पहिल्या डोळ्यात अडचण आली असेल, किंवा पेशी आधीच कमी असतील, तर दुसऱ्याची तारीख लगेच घेऊ नका. तीनेक महिन्यांनी पहिल्या डोळ्याची स्पेक्युलर पुन्हा करा. २४०० च्या २१०० झाल्या असतील तर साडेबारा टक्के गेल्या, ते अपेक्षितच आहे. २४०० च्या १५०० झाल्या असतील तर दोन्ही रिपोर्ट घेऊन सर्जनसमोर बसा आणि दुसऱ्या डोळ्यात पद्धत, जेल, द्रव यांपैकी काय बदलणार ते विचारा. ऑपरेशनआधीचा रिपोर्ट हरवला असेल तर रुग्णालयाच्या नोंदीतून त्याची प्रत मागून घ्या.